पर्यायी इंधनाचा भाव लिटरमागे विचारू नका

दुसऱ्या महायुद्धात युरोपात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा लोकांनी मोटारी लाकडावर चालवल्या. गाडीच्या मागे बंबासारखी भट्टी बसवायची, तिच्यात लाकडाचे तुकडे अर्धवट जाळायचे आणि त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन इंजिनात सोडायचा. जर्मनी, स्वीडन, फ्रान्स मिळून अशा लाखो गाड्या रस्त्यावर होत्या. युद्ध संपून पेट्रोल पुन्हा मिळू लागलं आणि काही वर्षांतच या भट्ट्या उतरल्या. लाकूड स्वस्त होतं, पण निघण्याआधी भट्टी पेटवून थांबावं लागे, राख काढावी लागे, गाळण्या धुवाव्या लागत, चढावर गाडी दमत असे आणि वायू गळला तर जिवावर बेतत असे.

पर्यायी इंधनांबद्दल कुणी विचारलं की मला आधी या भट्ट्या आठवतात. गाडी कशावर चालेल हा प्रश्न फारसा अवघड कधीच नव्हता. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात रुडॉल्फ डिझेलच्या पद्धतीचं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. अवघड प्रश्न पुढचे आहेत: ते इंधन सोबत न्यायचं कसं, भरायला किती वेळ लागतो आणि एक किलोमीटर जायला शेवटी किती पैसे पडतात. जाहिरातीत आणि पंपावरच्या फलकावर दिसतो तो लिटरचा किंवा किलोचा भाव. तुलनेसाठी त्या आकड्याचा जवळजवळ काहीच उपयोग नाही, कारण एका इंधनाचा लिटर आणि दुसऱ्याचा किलो यांत ऊर्जा वेगवेगळी असते.

म्हणून सगळी इंधनं एकाच मापात मोजू. वीजबिलावर दिसतं ते युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, त्यासाठी सोयीचं आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते, डिझेलमध्ये १०. इथेनॉलच्या लिटरमध्ये ६ पेक्षा किंचित कमी, एलपीजीच्या लिटरमध्ये ७. सीएनजी किलोवर मिळतो. त्याच्या किलोत सुमारे १३ युनिट. हायड्रोजनच्या किलोत तब्बल ३३. आणि गाडीच्या बॅटरीच्या एका किलोत, वेष्टण-सांगाडा धरून, एका युनिटचा जेमतेम सहावा हिस्सा.

हे आकडे बघितले की पेट्रोल शंभर वर्षांहून जास्त का टिकलं ते कळतं. पातळ पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या टाकीत, कसलाही दाब न देता, साध्या तापमानाला चारशे युनिट ऊर्जा शांतपणे पडून राहते. हे सुख दुसऱ्या कुठल्याही इंधनात पूर्णपणे मिळत नाही. प्रत्येक पर्याय कुठेतरी त्याची किंमत मोजतो: कुणी वजनात, कुणी दाबात, कुणी वेळात, कुणी शेतजमिनीत. ती किंमत कुठे मोजली जाते आहे हे शोधणं, एवढंच या लेखाचं काम.

पुढच्या हिशेबासाठी एक सरासरी गाडी धरू, लिटरला १५ किलोमीटर जाणारी. पेट्रोलच्या लिटरचा भाव १०० धरू, चलन कुठलंही असो.

सर्वांत ओळखीच्या पर्यायापासून सुरुवात करू: इथेनॉल. ऊस, मका किंवा धान्य आंबवून काढलेलं हे अल्कोहोल. ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांश, त्यामुळे नुसत्या इथेनॉलवर तीच गाडी लिटरला १० किलोमीटरच्या आसपास जाईल. म्हणजे ते पेट्रोलच्या दोनतृतीयांश भावाला मिळालं तर बरोबरी, त्याहून स्वस्त मिळालं तर फायदा. प्रत्यक्षात हिशेब थोडा इथेनॉलच्या बाजूने झुकतो, कारण त्याचा ऑक्टेन अंक, म्हणजे इंधन वेळेआधी आपोआप न पेटण्याचं माप, १०८ च्या घरात असल्यामुळे इंजिन ठोका न मारता जास्त दाबावर काम करू शकतं. ब्राझीलचे वाहनचालक म्हणूनच ७० टक्क्यांचा ठोकताळा वापरतात: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांखाली असेल तर इथेनॉल, वर गेला की पेट्रोल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं, ज्याला ई-२० म्हणतात, तर लिटरमधली ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते. त्या मिश्रणासाठीच बनवलेल्या इंजिनात यातली थोडी भरपाई होते, जुन्या इंजिनात ती होत नाही. म्हणून ‘मिश्रण आल्यापासून अ‍ॅव्हरेज पडला’ असं कुणी म्हटलं तर त्याचं म्हणणं उडवून लावू नये, त्यात भौतिकशास्त्र आहे.

ब्राझीलची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण पर्यायी इंधनाचा एवढा मोठा आणि एवढा बोलका प्रयोग दुसरा नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये, तिथल्या सरकारने ‘प्रो-आल्कूल’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. १९७९ मध्ये नुसत्या इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथे विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींपैकी नऊ इथेनॉलवरच्या होत्या. मग दशकाच्या अखेरीस तेल स्वस्त झालं, साखरेचे भाव चढले आणि कारखान्यांना अल्कोहोलपेक्षा साखर काढणं परवडू लागलं. पंपांवर इथेनॉल मिळेना. ज्यांच्या दारात नुसत्या इथेनॉलची गाडी होती ते लोक रांगांमध्ये अडकले. काही वर्षांतच अशा गाड्यांची विक्री जवळजवळ संपली.

यातून ब्राझीलने काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. २००३ मध्ये तिथे फ्लेक्स-फ्युएल गाड्या आल्या. एकाच टाकीत पेट्रोल, इथेनॉल किंवा दोन्हींचं कुठलंही मिश्रण भरा. इंजिन धुरातला ऑक्सिजन मोजून आपलं आपण जुळवून घेतं. गाडी घेतानाच्या एका निर्णयात पंधरा वर्षं बांधून घेण्याऐवजी दर वेळी पंपावर भाव बघून ठरवायची मोकळीक मिळाली. कुठलंही नवं इंधन निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारेन: हे मिळालं नाही किंवा महागलं, तर माझी गाडी दुसऱ्या कशावर चालेल का?

इथेनॉलच्या खोड्याही आहेत. ते पाणी ओढून घेतं; पेट्रोलमध्ये मिसळलेलं असताना पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं आणि गाडी मिसिंग मारते. जुन्या गाड्यांतले रबरी पाइप, सील आणि काही धातू त्याने खराब होतात. थंडीत त्याची वाफ नीट होत नाही, म्हणून ब्राझीलच्या गाड्यांना कित्येक वर्षं बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी टाकी असे, फक्त सकाळी गाडी चालू करण्यापुरती.

पण खरी किंमत मोजली जाते ती जमिनीत. एक हेक्टर ऊस वर्षाला साधारण ६ ते ७ हजार लिटर इथेनॉल देतो. आपल्या गाडीला त्यातून ६५ हजार किलोमीटरच्या आसपास पल्ला मिळतो. त्याच हेक्टरवर चांगल्या उन्हाच्या जागी सौर पॅनेल लावले तर वर्षाला ६-७ लाख युनिट वीज येते आणि त्यावर इलेक्ट्रिक गाडी तीस लाख किलोमीटर जाऊ शकते. चाळीस-पन्नास पटींचा हा फरक येतो कारण वनस्पती सूर्यप्रकाशातला एखादा टक्काच साठवते, पॅनेल वीस टक्क्यांच्या आसपास पकडतं, आणि पुढे इंजिन मिळालेल्यातलंही बरंचसं उष्णतेत घालवतं. चिपाडापासून, काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढलं तर जमिनीचा प्रश्न हलका होतो. मात्र ते काढणं जास्त खर्चाचं आहे.

बायोडिझेलचं गणित याच जातीचं. वनस्पती तेल किंवा तळणीचं उरलेलं तेल मिथेनॉलशी संयोग घडवून पातळ करायचं. ऊर्जा डिझेलपेक्षा आठ-दहा टक्के कमी, थंडीत घट्ट होण्याची सवय, आणि वापरलेलं तेल असून असून असणार किती? डिझेलमध्ये ५ ते २० टक्के मिसळण्यापुरतं ते चांगलं. नुसतं कच्चं खाद्यतेल आधुनिक डिझेल इंजिनात कधीही ओतू नका. इंजेक्टर चिकटून बसतात आणि दुरुस्ती बचतीच्या कित्येक पट पडते.

आता वायू. सीएनजीच्या एका किलोत दीड लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा असते. म्हणजे पेट्रोल १०० ला असेल तर सीएनजी किलोला १५० पर्यंत गेला तरी बरोबरी. तो प्रत्यक्षात याहून बराच स्वस्त मिळत असेल तर किलोमीटरमागे खरीच बचत होते. पण हा वायू हवेच्या दाबाच्या २०० पट दाबून भरावा लागतो, टायरमधल्या हवेपेक्षा जवळजवळ नव्वद-शंभर पट जास्त. त्यासाठी जाड पोलादी सिलिंडर लागतो. ६० लिटर मापाच्या सिलिंडरमध्ये वायू मावतो ९-१० किलो, म्हणजे पेट्रोलच्या हिशेबात १५ लिटर. आणि सिलिंडरचं स्वतःचं वजन साठ किलोच्या घरात. डिकीतली जागा जाते, पल्ला कमी होतो, पंपाच्या फेऱ्या वाढतात. पेट्रोल इंजिनाला नंतर किट बसवलं तर ताकद साधारण दहा टक्के कमी होते, कारण आत येणाऱ्या हवेची जागा वायू घेतो. ठरावीक वर्षांनी सिलिंडरची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी, करून घ्यावी लागते. या बाबतीत चालढकल करू नका. २०० पट दाबाचा सिलिंडर गंजला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

एलपीजीचं तसं नाही. तो आठ-दहा पट दाबालाच द्रव होतो, टाकी हलकी असते आणि स्टेपनीच्या खोबणीत बसते. पेट्रोलच्या तीनचतुर्थांश भावाखाली मिळाला तर परवडतो. मात्र तो हवेपेक्षा जड असल्याने गळला की खड्ड्यात, तळघरात साचतो, म्हणून काही ठिकाणी तळघरातल्या पार्किंगमध्ये एलपीजीच्या गाड्यांना मनाई असते. सीएनजी हवेपेक्षा हलका, तो वर उडून जातो.

किट बसवायचं की नाही हे ठरवायला एक सोपी रीत आहे आणि ती पुढे इलेक्ट्रिक गाडीलाही लागू पडते. जादा खर्च पेट्रोलच्या लिटरमध्ये मोजा. समजा किट ५०० लिटर पेट्रोलच्या किमतीचं आहे आणि वायूवर किलोमीटरचा खर्च निम्मा होतो. पेट्रोलवर किलोमीटरला लिटरचा पंधरावा हिस्सा लागायचा, आता त्याच्या निम्मे पैसे वाचतात, म्हणजे दर ३० किलोमीटरला एक लिटर. ५०० लिटर वसूल व्हायला १५ हजार किलोमीटर. महिन्याला साडेबाराशे किलोमीटर फिरणाऱ्याचं किट वर्षात फिटतं. महिन्याला तीनशे फिरणाऱ्याला चार वर्षांहून जास्त लागतात, आणि तोवर हायड्रोटेस्टचा, ट्यूनिंगचा खर्च सुरू झालेला असतो. एकाच गाडीला, एकाच भावात, दोन माणसांची उत्तरं अशी वेगवेगळी निघतात. म्हणून ‘कुठलं इंधन स्वस्त?’ याला मी महिन्याचं रनिंग विचारल्याशिवाय उत्तर देत नाही.

हायड्रोजनबद्दल फार आशेने बोललं जातं, म्हणून त्याचे आकडे नीट बघू. किलोत ३३ युनिट आणि धुराड्यातून फक्त पाणी. टोयोटाने २०१४ मध्ये आणलेली मिराई ही हायड्रोजनची सर्वांत नावाजलेली गाडी. तिच्या दुसऱ्या पिढीत ५.६ किलो वायू मावतो आणि अमेरिकी चाचणीत ती त्यावर सुमारे ६४५ किलोमीटर जाते, म्हणजे किलोला ११५. टाकी पाच मिनिटांत भरते, हा तिचा खरा गुण. पण हा वायू हवेच्या दाबाच्या ७०० पट दाबावा लागतो, भरताना उणे ४० अंशांपर्यंत थंड करावा लागतो आणि कार्बन तंतूंच्या टाक्यांचं वजन आतल्या वायूच्या सुमारे पंधरा पट असतं.

आणि हायड्रोजन जमिनीतून पेट्रोलसारखा उपसता येत नाही, बनवावा लागतो. आज जगात बनणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून येतो, त्यात एका किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विजेने पाणी फोडून स्वच्छ बनवायचा तर किलोला ५०-५५ युनिट लागतात, दाबायला आणि थंड करायला आणखी काही. ६० धरू. त्या ६० युनिटांत हायड्रोजनची गाडी शंभर-सव्वाशे किलोमीटर जाईल. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर इलेक्ट्रिक गाडी तीनशे किलोमीटर जाते. तिप्पट वीज लागणारा मार्ग किलोमीटरमागे स्वस्त पडणं फार कठीण. पोलाद, खतं, लांबची जड वाहतूक इथे हायड्रोजनचं स्थान असू शकेल, पण घरच्या मोटारीसाठी त्याची वाट बघत थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कृत्रिम पेट्रोलचं उत्तर याहूनही कडक आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि विजेने काढलेला हायड्रोजन जोडून पेट्रोलच बनवायचं. चिलीत पुंता अरेनासजवळ, जिथे वारा जवळजवळ कधी थांबत नाही, असा एक कारखाना २०२२ च्या अखेरीस सुरू झाला. यात सुख असं की जुन्या गाडीत, जुन्या पंपावर, काहीही न बदलता ते चालतं. पण एका लिटरला २० युनिट किंवा त्याहून जास्त वीज लागते आणि गाडी त्यावर १५ किलोमीटर जाते. तेवढ्या विजेवर इलेक्ट्रिक गाडी शंभर किलोमीटर जाते. विमानांसाठी हे उपयोगी ठरेल, कारण लांब पल्ल्याच्या विमानाला बॅटरीचं वजन झेपत नाही.

प्रत्येक वेळी तुलना विजेशीच का येते? कारण पेट्रोलच्या ९ युनिटांपैकी चाकापर्यंत पोचतात जेमतेम दोन-अडीच. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जातात. विजेची मोटर मिळालेल्यातलं ८०-९० टक्के चाकाला देते. पेट्रोलच्या गाडीला शंभर किलोमीटरला ६० युनिट लागतात. इलेक्ट्रिक गाडीला, चार्जिंगमधली गळती धरून, सुमारे २०. यातून एक लक्षात ठेवण्याजोगा ठोकताळा निघतो: एक लिटर पेट्रोल म्हणजे तीन युनिट वीज. पेट्रोल १०० ला असेल तर वीज युनिटला ३३ होईपर्यंत इंधनाच्या खर्चात इलेक्ट्रिक गाडी पुढेच. घरचा दर जवळजवळ कुठेही एवढा नसतो. रस्त्यावरच्या जलद चार्जरचा दर मात्र कित्येक ठिकाणी घरच्या दुप्पट-तिप्पट असतो आणि कायम त्यावरच अवलंबून राहिलं तर बचत पातळ होत जाते.

मग किंमत कुठे मोजली जाते? पहिली, वजनात आणि खरेदीच्या रकमेत. ६० युनिटांची बॅटरी साडेतीनशे-चारशे किलोची असते आणि तिच्यात ऊर्जा असते फक्त साडेसहा लिटर पेट्रोलएवढी. २०१० ते २०२४ या काळात बॅटरीचा युनिटमागचा भाव जवळपास दहाव्या हिश्श्यावर आला, तरी गाडीतला सर्वांत महाग भाग अजून तीच. कडक थंडीत पल्ला २०-३० टक्क्यांनी घटू शकतो, कारण पेट्रोलच्या गाडीत वाया जाणारी उष्णता हीटरला फुकट मिळते, इथे तीही बॅटरीतूनच काढावी लागते. बॅटरीची क्षमता वर्षाला साधारण दोन टक्क्यांनी उतरते. म्हणून जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना किलोमीटरच्या काट्याआधी बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल मागा.

दुसरी किंमत वेळेत. पेट्रोलच्या नळीतून मिनिटाला ३५ लिटर येतं, म्हणजे मिनिटाला पाचशे किलोमीटरांहून जास्त पल्ला. १५० किलोवॅटचा जलद चार्जर मिनिटाला १२-१३ किलोमीटर देतो, आणि बॅटरी ८० टक्क्यांवर गेली की तोही हळू होतो. घरचं साधं सॉकेट तासाला १०-१५ किलोमीटर. ऐकायला हे निराशाजनक वाटतं, पण गाडी रात्री आठ तास उभीच असते आणि सकाळी शंभर किलोमीटरची सोय झालेली असते. म्हणून इलेक्ट्रिक गाडीचा निर्णय मी गाडीच्या मॉडेलपासून सुरू करत नाही, ती रात्री कुठे उभी राहणार यापासून करतो. हक्काची जागा आणि तिथे सॉकेट असेल तर ती फार सोयीची. रस्त्याच्या कडेला जागा शोधावी लागत असेल तर चार्जिंग हे रोजचं काम होऊन बसतं. अशांसाठी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला छोटी बॅटरी आणि मोटर असलेली गाडी, बरी. तिला प्लग लागत नाही आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती परत वापरते.

पर्यावरणासाठी म्हणून गाडी बदलणाऱ्यांनी वीज कुठून येते तेही बघावं. सगळी वीज कोळशावरची असेल तर युनिटमागे किलोभर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे शंभर किलोमीटरला सुमारे २० किलो. पेट्रोलच्या गाडीचा आकडा, तेल उपसून शुद्ध करण्यातला भाग धरून, १८-१९ किलो. म्हणजे शुद्ध कोळशावर इलेक्ट्रिक गाडी काहीच जिंकत नाही. विजेत पाणी, वारा, ऊन, अणू यांचा वाटा वाढत जाईल तसतसा फरक रुंदावतो. आणि आज घेतलेली इलेक्ट्रिक गाडी पुढची दहा वर्षं दर वर्षी स्वच्छ होत जाते, पेट्रोलची होत नाही.

उरतो तो माणूस ज्याच्याकडे चालू स्थितीतली पेट्रोलची गाडी आहे आणि जो महिन्याला दोनशे-तीनशे किलोमीटरच फिरवतो. नवी गाडी, त्यातही मोठ्या बॅटरीची, बनवताना काही टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि एवढ्या कमी फिरण्यात ते भरून निघायला बरीच वर्षं लागतात. अशा माणसाला माझा सल्ला असा: टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत किती टक्के इथेनॉल चालतं ते बघा, गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर मिश्रण टाकीत फार दिवस ठेवू नका, टायरमधली हवा नीट राखा आणि आहे तीच गाडी चालवा.